ए-३२० चा ऑटोपायलट मधेच सुटतोय? सिम्युलेटर पुसण्याआधी हे करून बघा

रात्रीचे पावणेअकरा. चिकलठाण्याहून (छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून) दिल्लीला निघालेलं ए-३२० निओ ३५,००० फुटांवर सरळ चाललंय. मी पाय वर घेऊन शेंगा फोडत बसलोय. आणि एकदम तो बिगुल! एअरबसमध्ये ऑटोपायलट सुटला की जो आवाज येतो त्याला कॅव्हलरी चार्ज म्हणतात, म्हणजे घोडदळाने हल्ला करायच्या आधीचा बिगुल. ईकॅमच्या, म्हणजे इशारे दाखवणाऱ्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘ए/पी ऑफ’. जॉयस्टिक टेबलावर आहे, माझे दोन्ही हात शेंगांच्या ताटात आहेत, आणि विमान हळूहळू उजवीकडे कलायला लागलंय.

पलीकडच्या खोलीतून आई ओरडते, “काय करूलालास रे, मिलिटरीत गेलास का काय?”

एकदा झालं तर माणूस सोडून देतो. माझ्याकडे हे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चाललं होतं. दोनदा गेलं असं वाटलं आणि दोन्ही वेळा परत आलं. शेवटी कळलं की आजार एक नव्हताच. बिगुल एकच वाजतो, पण तो वाजवणारे वेगवेगळे असतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण मी ज्या क्रमाने शोधलं तो क्रम पूर्ण उलटा होता.

माझी मांडणी आधी सांगतो. लातूरपासून थोडं बाहेर आखाड्यावर राहतो. दिवसा आडतीवर हिशेब लिहितो, रात्री जेवणं झाली की विमान. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०, त्यात फ्लायबायवायरचं फुकट मिळणारं ए-३२० निओ. जॉयस्टिक साधी, दांडा पिळला की रडर (शेपटीचं उभं सुकाणू) फिरतं आणि बुडाशी थ्रॉटलची छोटी पट्टी आहे ती.

पहिली चूक आधीच कबूल करतो. दुसऱ्यांदा बिगुल वाजला तेव्हा मी अख्खा सिम्युलेटर काढून परत टाकला. शंभर जीबीच्या वर डाउनलोड, आमच्याकडचं नेट, मधे मधे जाणारी लाइट. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री दिल्लीला निघालो आणि परत बिगुल. त्यानंतर ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, विमानाची आधीची आवृत्ती टाकली, मग नवी टाकली. सगळं वाया. जे करायला पाच मिनिटं लागली असती ते मी दोन महिन्यांनी केलं. ते आता सांगतो.

पाच मिनिटांची परीक्षा

सिम्युलेटरमध्ये कंट्रोल्सच्या पानावर जा, तुमच्या जॉयस्टिकसाठी एक नवीन प्रोफाइल बनवा आणि त्याला ‘रिकामं’ असं नाव द्या. त्यात पिच (नाक वर-खाली), रोल (डावी-उजवीकडे कलणं) आणि रडर या तिन्ही अक्षांची नेमणूक काढून टाका. थ्रॉटल राहू द्या. आता नेहमीच्या प्रोफाइलवर उड्डाण करा, वर जा, विमान स्थिर झालं की मधेच प्रोफाइल बदलून ‘रिकामं’ लावा. बदलताना ऑटोपायलट सुटला तर घाबरू नका, एफसीयूवरचं (समोरच्या काचेखाली ऑटोपायलटच्या बटणांची पट्टी असते तिच्यावरचं) एपी१ बटण माउसने परत दाबा. मग विमान आपलं आपण चालू द्या.

काही जण जॉयस्टिकची वायरच उपटतात. थ्रॉटल वेगळ्या उपकरणावर असेल तर चालतं. माझ्यासारखं सगळं एकाच दांड्यावर असेल तर उपटू नका, थ्रॉटलची नोंदही त्याच्याबरोबर जाते आणि एका भानगडीच्या दोन होतात.

‘रिकामं’ लावून तास-दीड तास बिगुल वाजला नाही, तर दोष विमानात नाही, सिम्युलेटरमध्ये नाही, विंडोजमध्येही बहुधा नाही. तो तुमच्या टेबलावर आहे. आणि ‘रिकामं’ लावूनही सुटत असेल, तर जॉयस्टिकला हात लावू नका, ती निर्दोष आहे. त्यासाठी थोडं खाली लिहिलंय.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. खऱ्या ए-३२० मध्ये ऑटोपायलट लावला की साइडस्टिक मधोमध अडकवली जाते. पायलटने चांगला जोर लावला तरच ती सुटते, आणि ती सुटली की विमान समजतं की माणसाला स्वतः चालवायचंय, मग ऑटोपायलट बाजूला होतो. रडरचे पेडल मर्यादेबाहेर दाबले तरी तेच. घरच्या जॉयस्टिकमध्ये ते अडकवणारं यंत्र कुठलं असणार? तेव्हा सॉफ्टवेअर फक्त एवढंच बघतं की दांडा ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला का. खरोखर तुम्ही ढकलला की आतल्या कचऱ्यामुळे खोटा आकडा आला, हे त्याला कसं कळावं? क्षणभर एक मोठा आकडा आला की त्याच्या मते तुम्ही विमान हातात घेतलं.

बोइंग ७३७ उडवणाऱ्यांना हाच रोग वेगळ्या रूपात दिसतो. तिथे ऑटोपायलट पुष्कळदा पूर्ण सुटत नाही, ‘सीएमडी’ (विमान ऑटोपायलटच्या हुकमावर) जाऊन ‘सीडब्ल्यूएस’ (दांड्याच्या हुकमावर) येतं आणि विमान ठरलेला मार्ग सोडून नाक जिकडे आहे तिकडे जात राहतं. बिगुल नसल्यामुळे कधी कधी वीस मैल गेल्यावर कळतं.

माझ्याकडे सापडलेला पहिला चोर

विंडोजमध्ये जॉयस्टिक तपासायची जुनी खिडकी अजून आहे. रन उघडून इंग्रजीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं टाइप करा. जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीज दाबलं की चौकोनात एक फुली दिसते आणि बाजूला पट्ट्या. दांड्याला हात न लावता बघत बसा. फुली मधोमध गपगार बसली पाहिजे. थोडी थरथरली तर चालतं. अधूनमधून उडी मारत असेल तर चोर सापडला.

यात एक अडचण आहे. उडी इतकी क्षणिक असते की डोळ्याला चुकते. मी सुरुवातीला दहा मिनिटं बघितलं आणि ‘ठीक आहे’ म्हणून खिडकी बंद केली. नंतर पुतण्याने शक्कल सांगितली: मोबाइल पुस्तकाला टेकवून त्या खिडकीचं स्लो मोशनमध्ये शूटिंग करायचं. केलं. फुली ठीक होती. पण रडरची पट्टी, म्हणजे दांडा पिळायचा अक्ष, दर थोड्या वेळाने एकदम निम्म्यापर्यंत जाऊन परत येत होती. एका फ्रेममध्ये गेली, पुढच्या फ्रेममध्ये परत.

मग आठवलं की टेकऑफच्या वेळी विमान डावीकडे ओढ खातंय हे मी महिनाभर बघत होतो आणि वाऱ्याला दोष देत होतो. लाइव्ह वेदर बंद असताना!

पुढचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. गल्लीतल्या रेडिओवाल्या मामांकडे गेलो. मामांचं दुकान आता नावाला आहे, पण हात अजून शाबूत. जॉयस्टिक बघून आधी म्हणाले, “हे खेळणं दुरुस्त कराया आणलास व्हय?” मी पट्टीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोन सेकंद बघितला आणि हसले. “हे तर व्हॉल्यूम कंट्रोल हाय की. रेडिओचा आवाज वाढवताना खरखर येते, तसलंच.”

अगदी तसलंच. साध्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक अक्षाला एक पोटेन्शियोमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तोच. आत कार्बनची कमानीसारखी पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची जीभ. जीभ आणि पट्टी यांच्यामध्ये धूळ आली, की क्षणभर संपर्क तुटतो. रेडिओत त्याची खरखर होते, जॉयस्टिकमध्ये खोटा आकडा होतो.

मामांनी बुडाचे स्क्रू काढले आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर जॉयस्टिक हलकेच आपटली. कागदावर पिवळट भुकटी पडली. मी ओळखली लगेच. सोयाबीनचा भुसा. आमच्या घरापासून शंभर पावलांवर ऑक्टोबरात मळणी यंत्र लागतं, राशी होईपर्यंत आठ-दहा दिवस घरात ताटावर, अंथरुणावर, सगळीकडे तोच फुफाटा. खिडकी बंद ठेवली तरी येतो. बिगुल दिवाळीलाच का सुरू झाला याचं उत्तर त्या कागदावर पडलेलं होतं.

मग त्यांनी काट्याचा जुना मल्टिमीटर काढला. माझ्याकडे आकडे दाखवणारा आहे, तो आणू का म्हटलं, तर म्हणाले ठेव तुझ्याजवळ. कारण लगेच दिसलं. एक टोक पोटेन्शियोमीटरच्या मधल्या पायाला, दुसरं कडेच्या पायाला लावून त्यांनी दांडा अगदी हळू पिळला. काटा सावकाश चढत होता आणि मधल्या एका ठिकाणी एकदम झटका देऊन परत जागेवर येत होता. डिजिटल मीटर आकडा बदलायलाच वेळ लावतो, असली उडी त्यात दिसत नाही. काटा मात्र लपवत नाही. आणि उडी बरोबर मधोमध, जिथे दांडा सगळ्यात जास्त वेळ असतो तिथेच. साहजिक आहे, घासतं तिथेच जास्त.

साफ कसं करायचं

जॉयस्टिकची यूएसबी वायर काढा. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी विचार करा, उघडल्यावर दुकानदार ओळखत नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. आत एक स्प्रिंग असते, ती उडते, आणि पलंगाखाली शोधावी लागते. हे अनुभवाने सांगतोय.

पोटेन्शियोमीटरच्या पायांजवळ छोटी फट असते. तिथे इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे अगदी एक झटका मारायचा आणि अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवायचा. अर्धा तास तसंच उघडं ठेवायचं. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका. दोन दिवस मस्त चालतं, मग त्या तेलावर पुन्हा धूळ चिकटते आणि आधीपेक्षा वाईट होतं. पेट्रोल, रॉकेल, थिनर तर लांबच ठेवा, कार्बनची पट्टी आणि प्लास्टिक दोन्ही खराब होतं.

बंद केल्यावर विंडोजमध्ये कॅलिब्रेशन परत करा, मग सिम्युलेटरमध्ये बघा. थ्रॉटल त्याच दांड्यावर असेल तर विमानातल्या टॅबलेटवर, ज्याला फ्लायपॅड म्हणतात, थ्रॉटलच्या खाचाही परत नेमा: आयडल (किमान जोर), सीएल (चढण्याचा), फ्लेक्स (टेकऑफचा, कमी केलेला), टोगा (पूर्ण). ए-३२० मध्ये ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालायला लिव्हर सीएलच्या खाचेत बसावा लागतो, आणि ती खाच थोडी सरकली तर ‘एलव्हीआर सीएलबी’ (लिव्हर सीएलमध्ये आणा) ही सूचना लुकलुकत राहते आणि तुम्ही नवीनच शोधाशोध सुरू करता.

ज्यांना स्क्रू ड्रायव्हर नको वाटतो त्यांनी तोपर्यंत सिम्युलेटरच्या सेन्सिटिव्हिटीच्या पानावर जावं. तिथे डेड झोन वाढवता येतो. पण यात एक गैरसमज आहे. डेड झोन मधोमधची बारीक थरथर गिळतो, निम्म्यापर्यंत जाणारी उडी नाही गिळत. त्यासाठी त्याच पानावरची रिॲक्टिव्हिटी कमी करा. मग अक्ष आकड्यामागे हळू धावतो आणि क्षणभराची उडी पुढे पोचायच्या आत विरून जाते. रडरला मी ६० टक्क्यांवर ठेवलं होतं, चाललं. रोलला एवढं कमी करू नका, लँडिंगला विमान म्हशीसारखं वळतं. एक्स-प्लेनमध्ये डेड झोनला नल झोन म्हणतात, बाकी गोष्ट तीच. आणि ज्यांनी टॅक्सीसाठी पिळायचा अक्षच वापरायचा नाही असं ठरवलंय त्यांनी रडरची नेमणूक सरळ काढून टाका.

चाचणीचं उड्डाण

दुरुस्तीनंतर दरवेळी दिल्ली कशाला? मी चिकलठाणा ते नांदेड ठेवलं. सरळ रेषेत साधारण ११५ नॉटिकल मैल. मार्ग आग्नेयेकडे जातो म्हणून विषम पातळी, एफएल १९०, म्हणजे १९,००० फूट. जालना डाव्या हाताला, थोड्या वेळाने परभणी उजव्या हाताला, मग गोदावरी दिसायला लागते. वर स्थिर असायला फार वेळ मिळत नाही, पण वरच्या रिॲक्टिव्हिटीसारखे बदल तपासायला पुरतं. परत येतानाही तेवढंच. मार्ग वायव्येकडे म्हणून सम पातळी, एफएल १८० किंवा २००.

चाचणी आहे म्हणून तयारी उरकायची नाही, नाहीतर बिगुल कशाने वाजला ते कळणार नाही. आयआरएस (विमानाची जागा आणि दिशा ओळखणारी यंत्रं) तिन्ही लावून अलाइन होऊ द्या, एमसीडीयूत (विमानाच्या संगणकाचा पडदा आणि कळा) वजन आणि इंधन खरं भरा, वेग टाका. चिकलठाण्याला एक गोष्ट मात्र पुष्कळ जण चुकवतात. धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,९११ फुटांवर आहे. पण मे महिन्यात ४२ अंश सेल्सिअसला हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेपाच हजार फुटांच्या आसपास असल्यासारखी वाटते. नेटवरच्या कुठल्या तरी व्हिडिओतून बघून फ्लेक्स तापमान (कमी जोरावर टेकऑफ करण्यासाठी संगणकाला द्यायचं मानीव तापमान) ४० टाकलं आणि बाहेर ४२ असलं, तर त्या फ्लेक्सला अर्थच उरत नाही. फ्लेक्सचा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा जास्तच लागतो. उन्हाळ्यातल्या दुपारी मी फ्लेक्सच्या नादी लागत नाही, सरळ टोगा.

याला घरबसल्यांचा चोखंदळपणा समजू नका. २६ एप्रिल १९९३ ला याच चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ भर उन्हात, भरगच्च वजनानिशी धावपट्टीच्या अगदी टोकाला उचललं, आणि पलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला त्याचं चाक लागलं. पुढे विजेच्या तारांना अडकून ते पडलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. मराठवाड्यात आमच्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, तो दिवस आठवतो. मला दरवेळी त्या धावपट्टीवरून उचलताना तो रस्ता आठवतो, पडद्यावर असला तरी.

मग परत का आलं

साफ केल्यावर अकरा दिवस बिगुल नाही. बाराव्या दिवशी परत. यावेळी मीटर लावला तेव्हा मामा म्हणाले, पट्टीच घासली आहे, बदलू. त्यांच्या डब्यात तसाच दिसणारा, तेवढ्याच उंचीचा एक सुटा पोटेन्शियोमीटर होता. डाग दिला, बंद केलं, मी खुशीत घरी आलो.

त्या रात्री विमान धावपट्टीवरही सरळ चालेना. पिळायचा दांडा मधोमध, पण रडर डावीकडे जवळपास पूर्ण. कॅलिब्रेशन केलं तेव्हा मध्य जागेवर आला, पण उजवीकडे जरा पिळलं की विमान गर्रकन वळे आणि डावीकडे कितीही पिळलं तरी जेमतेम हले.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर जुना आणि नवा शेजारी ठेवून बघितले. जुन्यावर बी१०के, नव्यावर ए१०के. दोन्हींचा रोध दहा हजार ओहम, पण ‘बी’ म्हणजे सरळ चढणारा, निम्मा फिरवला की निम्मा आकडा. ‘ए’ म्हणजे आवाजासाठीचा, कानाला आवाज एकसारखा वाढल्यासारखा वाटावा म्हणून तो सुरुवातीला अगदी सावकाश चढतो आणि शेवटी धावतो. निम्म्यावर असताना तो दहा-पंधरा टक्क्यांवरच असतो. रेडिओला उत्तम, रडरला कुचकामी. मामांना सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणाले, “आयला, मी त्याला रेडिओच समजलो की!” दुसऱ्या दिवशी बी१०के आणला. तुमच्यावर जे छापलंय तेच आणा, बी५के असेल तर बी५के, बी१००के असेल तर बी१००के; दिसायला सारखा म्हणून घेऊ नका.

नवीन जॉयस्टिक घ्यायची असेल तर हॉल सेन्सरची घ्या. त्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे घासायला आणि भुसा अडकायला काही नाही. पण डब्यावर ‘हॉल’ वाचून भुलू नका. पुष्कळ मॉडेलमध्ये पुढे-मागे आणि आडवा असे दोनच अक्ष हॉलचे असतात, पिळायचा अक्ष तोच जुना पोटेन्शियोमीटर. म्हणजे जो पहिला बिघडतो तोच तसा.

आणि तिसऱ्यांदा

यावेळी तऱ्हा वेगळी होती. आधी बिगुल केव्हाही वाजायचा, आता बरोबर भोपाळच्या आसपास. तीन रात्री सलग. मी आणि पुतण्या त्याला भोपाळचं भूत म्हणायला लागलो. मार्ग बदलला, मार्गातले बिंदू बदलले. चौथ्या रात्री आडतीवरून यायला उशीर झाला, अर्धा तास उशिरा निघालो, आणि भूत जळगाव ओलांडायच्या आतच आलं. म्हणजे ते जागेला नव्हतं, घड्याळाला होतं. पावणेअकरा.

पावणेअकराला आमच्याकडे काय होतं? त्या आठवड्यात शेतीची थ्री फेजची पाळी रात्रीची होती. लाइट आली की आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी ऑटो स्टार्टरवर एकदम सुरू होतात. घरातला बल्ब पिवळा पडतो, इन्व्हर्टर ‘टक’ करतो आणि परत ‘टक’. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, त्याला काही झालं नाही. पण जॉयस्टिक ज्या यूएसबी हबला जोडली होती त्या हबचा स्वतःचा ॲडॉप्टर टेबलामागच्या साध्या पॉइंटवर होता. व्होल्टेज पडलं की हब मरायचा, लगेच जिवंत व्हायचा. जॉयस्टिक गेली-आली, विंडोजचा तो टुणटुण आवाज हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीत विरून जायचा, आणि मला ऐकू यायचा फक्त बिगुल.

उपाय एवढाच: जॉयस्टिक हबमधून काढून कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट. शिवाय इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असेल तर ‘यूपीएस’वर ठेवा, त्यात बदल लवकर होतो. आणि विंडोजची एक खोड बंद करा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची जी टिक असते ती काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. लांब उड्डाणात तासभर जॉयस्टिक हलली नाही की विंडोजला वाटतं ती झोपली, तिला झोपवतो. ज्यांचं ठरावीक वेळाने होतं त्यांनी हे आधी बघावं. ज्यांचं केव्हाही होतं त्यांनी आधी पोटेन्शियोमीटर.

‘रिकामं’ लावूनही सुटत असेल तर

माझ्यावर ही वेळ आली नाही, पण ओळखीच्या तिघा-चौघांच्या मशीन बसून बघितल्या, त्यात हे सापडलं.

एकाच्या कीबोर्डचा झेड. सिम्युलेटरमध्ये झेड म्हणजे मूळ नेमणुकीप्रमाणे ऑटोपायलट चालू-बंद. हा गडी एमसीडीयूत कीबोर्डने बिंदू टाइप करायचा, आणि त्यात झेड असला, एमसीडीयूच्या पडद्यावर क्लिक करायचं राहिलं, की अक्षर तिकडे न जाता सिम्युलेटरला जायचं. झेडची नेमणूक काढली, संपलं.

दुसऱ्याकडे असिस्टन्सच्या पानावर ऑटो रडर, असिस्टेड लँडिंग वगैरे सगळं चालू होतं. सेसनाला ठीक आहे, पण ए-३२० ला स्वतःचे संगणक आहेत. दोन मालक एका गड्याला दोन कामं सांगतात तसं होतं. सगळ्या मदती बंद करा.

तिसऱ्याचं मेमध्ये, पत्र्याच्या खोलीत. प्रोसेसर तापून स्वतःला हळू करायचा, फ्रेम वीसच्या खाली जायच्या, आणि या विमानाचे संगणक दर फ्रेमला हिशेब करत असल्याने विमान नाक वर-खाली करायला लागायचं. कॅबिनेटचं झाकण काढून पंखा लावला आणि ग्राफिक्स एक पायरी खाली आणलं. वेळ चौपट करून उडवणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, दुपटीच्या पुढे जाऊ नका.

आणि कधी कधी ऑटोपायलट बरोबरच असतो. ए-३२० चा कल ४५ अंशांच्या पुढे गेला, नाक २५ अंशांहून वर किंवा १३ अंशांहून खाली गेलं, किंवा वेग मर्यादेपलीकडे जाऊन हाय स्पीड संरक्षण जागं झालं, तर तो सुटायलाच पाहिजे. मर्यादा ३५० नॉट किंवा मॅक ०.८२ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८२ पट). वळवाच्या ढगांतून मॅक ०.८० ने जाल तर वाऱ्याच्या एका झोताने तिकडे पोचाल. मी ०.७८ च्या वर ठेवत नाही.

यंदा मळणी यंत्र परवा शेजारच्या रानात लागलं. आईने तिच्या जुन्या लुगड्याचं धडपं दिलंय, उड्डाण झालं की जॉयस्टिक त्यात गुंडाळून कपाटात. काल रात्री दिल्लीला उतरलो, साडेअकराला.